आश्चर्य वाटेल त्याने कप विसळायचे

रेजिनाताई,

तुझी सुकेळी अखेर वाळली. तू गेलीस तेव्हा मागच्या अंगणात जाळीखाली पन्नासेक केळी सोलून पसरलेली होती, आणि घरात माणसांची ये-जा चालू असताना त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सिडनीहून आलेल्या तुझ्या मुलाने, ग्लेनने विचारलं, हे फेकायचं का. मी इतक्या जोरात नाही म्हणालो की तो बिचारा दचकला. मग आठवडाभर मी सकाळी जाळी उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, असा क्रम ठेवला. मधे एक दिवस मेलबर्नच्या या पॉइंट कुकच्या वाऱ्याने तुझी जाळी उचलून शेजारच्यांच्या ट्रॅम्पोलिनवर नेऊन टाकली. निम्मी केळी वाचली. वसईला असली सुकेळी कुणी पुढ्यात ठेवली असती तर तू काय बोलली असतीस ते मला ऐकू येतंय. मी एक खाल्लं. दाढ अजून दुखते आहे.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्याविषयी सगळे फार चांगलं बोलत आहेत, आणि मला ते ऐकवत नाही, कारण त्यातल्या निम्म्या लोकांशी तुझं भांडण होतं. प्रेमळ, शांत, मृदू. शांत! कम्युनिटी न्यूजलेटरवाली बाई आपल्या वर्गातल्या अचोलवर लेख लिहायला आली होती तेव्हा तू तिला म्हणालीस, “प्रेरणादायी बिरणादायी लिहू नका. तिचे मार्क लिहा.” ती हसली, तिला वाटलं तू गंमत करते आहेस. तू तिच्या हातातून वही घेऊन मार्क स्वतः लिहून दिलेस आणि खाली सही केलीस, प्रगतिपुस्तकावर करतात तशी.

पण मी आज त्यासाठी लिहायला बसलेलो नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची होती. तीन वर्षं सांगायची होती. ती सांगायची राहिली, आणि आता असं कळतंय की ती तुला माहीतच होती. हा तुझा शुद्ध अन्याय आहे.

पहिल्यापासून सांगतो. तू वसईच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून मुलाकडे इथे आलीस. नातू सांभाळायला म्हणून बोलावलेली बाई तू, नातवंडांसकट मुलगा सिडनीला गेला तरी इथेच राहिलीस, कारण तोवर चर्चच्या हॉलमध्ये तुझा शनिवारचा अभ्यासवर्ग जमला होता. तुझ्या चर्चमधली निम्मी कुटुंबं दक्षिण सुदानची. तू मिस्सा संपल्यावर दारात उभी राहायचीस आणि पोरांना अडवून विचारायचीस, सातवीत आहेस ना, मग सात आठे किती. ज्यांना आलं नाही ती शनिवारी आली. ज्यांना आलं तीही आली, कारण नंतर चहा आणि बिस्किटं होती. मी समोरच्या गल्लीतला पुणेकर, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. तू एकदा माझ्याकडे शिडी मागायला आलीस आणि जाताना शिडीसकट मलाही घेऊन गेलीस.

हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी जे पाहिलं ते मी अजून पुण्यात कुणाला पटवून देऊ शकलेलो नाही. तीस काळी पोरं मांडी घालून, डुलत, खड्या आवाजात पाढे म्हणत होती. मराठीतून. तुझं म्हणणं, इंग्रजीत पाढ्याला ठेका नाही, आणि ठेका नसला की तो डोक्यात बसत नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणालो की अगं, ती काळी पोरं चक्क एकोणतीसचा पाढा म्हणतात. हे मी दुसऱ्या शनिवारी तुझ्यासमोरही म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, “पुणेकर, सकाळी दाढी करताना आरसा वापरतोस ना?”

अचोल तेव्हा अकरावीत होती. बुटकी, जाड चष्म्याची, सतत काहीतरी खात असलेली. ती हळूच येऊन माझ्या शेजारी बसायची आणि मी सोडवत असलेलं गणित उलट्या बाजूने वाचून, माझ्याआधी सोडवून, उत्तर न सांगता बसून राहायची. माझं उत्तर चुकलं की फक्त बिस्कीट चावायची थांबायची. हुशार आहे हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येणार नाही.

बारावीच्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या पसंतीची यादी भरायची वेळ आली. माझा निहारही त्याच वर्षी बारावीला. निहारचे सरावपरीक्षेचे मार्क बेताचेच, पण त्याच्या यादीत मी सगळ्यात वर शहरातली ती जुनी, दगडी इमारतींची युनि टाकली. तो म्हणाला, बाबा, मिळणार नाही. मी म्हणालो, टाकून तर बघ, वरचं नाही मिळालं तर खालचं मिळतंच, इथली पद्धत तशी आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेव, ताई. मला पद्धत माहीत होती.

त्याच आठवड्यात स्टेशनच्या पार्किंगमध्ये मला अचोलची आई भेटली. मेरी तेव्हाही वृद्धाश्रमात काम करायची, शिफ्ट संपवून त्या निळ्या युनिफॉर्ममध्येच परतत होती. तिने विश्वासाने विचारलं की ब्रदर, अचोलने ती मोठी युनि पहिली लिहिली आहे, बरोबर आहे ना. आणि मी, चुका शोधण्यात पंचवीस वर्षं घालवलेला माणूस, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिला समजावायला लागलो. म्हणालो, एवढं वर टाकू नका. घराजवळचं, नर्सिंगसारखं काहीतरी पहिलं टाका. यादीत आवाक्याबाहेरचं नाव वर टाकलं की नंबर वाया जातो. पुण्यात भाचीच्या अकरावीच्या प्रवेशाला आमच्या घरात सगळे असंच म्हणत होते, तेच मी मेलबर्नच्या पार्किंगमध्ये उतरवलं. वर हेही म्हणालो की तिथे तिच्यासारखी मुलं फारशी नसतात, पोरगी एकटी पडेल, मी तिच्या भल्यासाठीच सांगतोय. मेरीने माझे आभार मानले. मी घरी आलो, आणि मला फार बरं वाटत होतं.

अचोलने यादी बदलली नाही. का नाही बदलली ते मी विचारलं नाही, आणि मनातल्या मनात सुटलो. निकाल लागला त्या दुपारी तू फोनवर तिचा स्कोअर सांगितलास. निहारपेक्षा इतका वर होता की मी दोनदा विचारलं, “काय सांगतेस? खरंच?” तू पलीकडे गप्प राहिलीस. तुझं गप्प राहणं मला नेहमीच महागात पडत आलंय. शनिवारी हॉलमध्ये गेलो तर सिंकच्या वर तुझ्या ठसठशीत अक्षरात कागद चिकटवलेला. मराठीत आणि खाली इंग्रजीत. “ज्याला आश्चर्य वाटेल त्याने कप विसळायचे.”

मला वाटलं, ही एका दिवसाची गंमत. चौतीस कप होते, सगळे जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललेले, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. माझा म्हणून तू जो ठरवला होतास त्याच्यावर लिहिलं होतं ‘जगातले सर्वोत्तम आजोबा’, आणि माझा मुलगा तेव्हा अठराचा होता. पण कायदा कायमचा निघाला. पहिल्या सत्रात अचोल एका विषयात वर्गात पहिली आली, मी म्हणालो, अरे वा! कप. तिला सुट्टीत एका प्राध्यापकाने संशोधनाला मदतीला घेतलं, मी नुसत्या भुवया वर केल्या. कप. मी म्हणालो, ताई, हे कौतुक आहे, आश्चर्य नाही. तू म्हणालीस, कौतुक करताना माणूस ‘खरंच?’ असं विचारत नाही.

त्यातली सगळ्यात मोठी शिक्षा मला अजून झोंबते. दुसऱ्या सत्रात अचोल एका चाचणीत चक्क नापास झाली. या वेळी मी सावध होतो. चेहरा जराही न हलवता म्हणालो, असू दे, होतं असं, कठीणच असते ती युनि. मला वाटलं, जिंकलो. तू शांतपणे पुसायचं फडकं माझ्या खांद्यावर टाकलंस. मी म्हणालो, आता काय झालं, मला कुठे आश्चर्य वाटलं! तू म्हणालीस, “तेच तर. निहार फिजिक्समध्ये नापास झाला तेव्हा तू तीन जणांना फोन केले होतेस. पेपर तपासणाऱ्याची चूक असेल म्हणत होतास. हिच्या वेळी आश्चर्य कुठे गेलं?” मी त्या दिवशी कप दोनदा विसळले. वाद मात्र सोडला नाही. गाडीत, फुटपाथवर, तुझ्या ओट्याशी, मी तुला तेच सांगत राहिलो की माणूस काळजीपोटी बोलतो. तू म्हणायचीस, त्या पोरीला आजवर ज्यांनी ज्यांनी मागे ओढलं ते सगळे काळजीपोटीच बोलत होते.

आणि तू नुसती बोलत नव्हतीस, जाऊन बघून आली होतीस. अचोलच्या युनिच्या पहिल्या दिवशी तू तिच्याबरोबर गेलीस, डबा घेऊन. तो किस्सा तू किमान वीस वेळा सांगितलास आणि दर वेळी मी हसलो. लेक्चरच्या दारात मदतीला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने अचोलला थांबवून विचारलं, तू वाट चुकलीस का, ही गणिताची खोली आहे. मग विचारलं, तू बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर आहेस का. पाच फूट उंचीची पोर. दोन जिने चढली तरी धापा टाकते. आणि तिच्यामागून फुलाफुलांचा फ्रॉक, पांढरे बूट आणि स्टीलचा डबा घेतलेली पासष्ट वर्षांची तू थेट आत जाऊन पहिल्या रांगेत बसलीस. त्या सगळ्या खोलीत प्रवेश न घेतलेली एकटी तूच होतीस, आणि तुला कुणी काही विचारलं नाही. वीस मिनिटांनी तू हात वर करून फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीतलं चिन्ह चुकलंय असंही सांगितलंस. प्राध्यापकाने थँक यू म्हणून दुरुस्त केलं.

या किश्श्यावर मी हसायचो तेव्हा तू हसत नव्हतीस हे मला फार उशिरा लक्षात आलं. अचोलही हसायची नाही. तिला तिथे तीन वर्षं रोज दारातच काहीतरी विचारायचे. गटात काम असलं की तिच्याकडे स्लाइड सजवायचं काम यायचं, आणि मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तेच सगळे तिच्या वह्या मागायचे. ती द्यायची. मी म्हणायचो, कशाला देतेस. ती म्हणायची, नो वरीज अंकल, माझं अक्षर त्यांना वाचता येत नाही.

गेल्या वर्षी कधीतरी मी ठरवलं की तुला पार्किंगमधली गोष्ट सांगून टाकायची. निहारची यादी आणि तिची यादी मी एकदा स्वतःशीच शेजारी ठेवून बघितली, आणि ऑफिसात बघतो तशी चूक कुठे आहे ते बघितलं. ती नियमात नव्हती, माझ्यात होती. मी गाडीत एकटा असताना तुला सांगायचा सरावही केला. पण शनिवार आला की तू माझ्या हातात खडू द्यायचीस आणि मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. शेवटच्या शनिवारी तू जाताजाता मला विचारलंस, “पुणेकर, काही सांगायचंय का?” मी म्हणालो, नाही, काही नाही. तू म्हणालीस, बरं, मग केळी वाळली की ये. आणि गुरुवारी तू गेलीस.

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेचं सांगतो, तुला आवडलं असतं. सगळं संपून लोक हॉलमध्ये चहाला जमले होते. कुणाला काय बोलावं कळत नव्हतं. तेवढ्यात सातवीतल्या कुठल्याशा पोरीने कोपऱ्यात बारीक आवाजात सुरू केलं, एकोणतीस एके एकोणतीस. दुसरीने उचललं, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मग सगळ्यांनी. तीसच्या तीस पोरं रडत, डुलत, खणखणीत पाढा म्हणत होती. फादरना वाटलं तुझ्या भाषेतली काही प्रार्थना आहे. ते हात जोडून, डोळे मिटून एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत उभे राहिले आणि शेवटी आमेन म्हणाले. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

तिथेच मेरी माझ्याजवळ आली. आता तू नाहीस म्हणून मी तिच्याकडेच कबूल करायचं ठरवलं. म्हणालो, मेरी, मी त्या वेळी तुला चुकीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, हो, माहीत आहे, त्याच संध्याकाळी मी रेजिनाला फोन केला होता. मग तिने सांगितलं ते असं. तू तिच्या घरी गेलीस, यादी बघितलीस, अचोलला म्हणालीस एक अक्षर बदलू नकोस, आणि मेरीला म्हणालीस, तो माणूस चांगला आहे, सगळं दोनदा तपासतो, फक्त या एका बाबतीत त्याचं ऐकू नका. मेरीने विचारलं होतं, तुम्ही त्याला रागावणार का. तू म्हणाली होतीस, नाही, तो स्वतःच येऊन सांगेल. मी वाट बघेन.

तीन वर्षं, ताई. तीन वर्षं तू वाट बघितलीस आणि मी कप विसळत बसलो. शेवटच्या शनिवारी तू सरळ विचारलंसही, आणि मी नाही म्हणालो. मला तुझा राग आला आहे. एवढी शिस्तीची बाई तू, छडी मारून वदवून घ्यायला काय झालं होतं? तू वर्गात उत्तर आपल्या तोंडाने कधी सांगत नव्हतीस, हे खरं. पण मी सातवीत नव्हतो.

परवाच्या शनिवारी वर्ग पुन्हा भरला. ग्लेनने घर आवरताना विचारलं होतं, अंकल, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं. घरी नेऊन घासून ठेवायचे म्हणून तू जे कपांचं खोकं मागच्या महिन्यात नेलं होतंस ते मी मागितलं. तो म्हणाला, आर यू शुअर? ते घेऊन मी हॉलवर गेलो. अचोल आधीच आली होती, अकरावीच्या मुलींना शिकवत होती, मांडी घालून, बिस्कीट खात. मी तिला बाजूला बोलावलं आणि पार्किंगमधलं सगळं सांगितलं. निहारच्या यादीसकट. काहीही गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आय नो, अंकल. सगळ्यांना माहीत आहे. सातवीतल्यांनाही माहीत आहे. तुम्ही कप का विसळता असं तुम्हाला वाटत होतं?”

मग ती म्हणाली की मला तेव्हा राग आला होता, फार आला होता. टीचर म्हणाल्या, राग ठेव पण त्याच्याकडून कॅलक्युलस शिकून घे, ते त्याला चांगलं येतं. एवढं बोलून तिने फोन माझ्यापुढे धरला. युनिचं पत्र होतं. गणितात तिच्या वर्षाच्या सगळ्या मुलांत पहिली आल्याचं पदक, आणि पुढच्या वर्षाच्या संशोधनाची जागा. तुला जाऊन बारा दिवस झाल्यावर आलेलं पत्र. तिने ते अजून न्यूजलेटरवालीला कळवलेलं नाही. म्हणाली, मार्क मीच लिहून देईन, खाली सहीसुद्धा करेन.

मी पत्र वाचलं. पूर्ण वाचलं, मार्कांसकट. फोन परत दिला आणि म्हणालो, छान. मग चहा टाकायला गेलो. अचोल मागून आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघत. म्हणाली, सरप्राइझ नाही वाटलं? मी म्हणालो, नाही. खरंच नाही वाटलं, ताई. मी स्वतःला आतून बाहेरून तपासलं. आनंद होता, भरपूर होता. पण आश्चर्य नव्हतं, कणभरही नव्हतं. अचोलने सिंकवरच्या तुझ्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, मग आज तुम्ही सुटलात, कप मुली विसळतील.

मी कप मांडले, चहा ओतला. तुझा बिनसाखरेचा वेगळा काढला, तू बसायचीस त्या खिडकीशी ठेवला, आणि पोरांच्या गलक्यावरून ओरडून म्हणालो, रेजिनाताई, चहा निवतोय. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी वळून तुझ्या खुर्चीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं, आणि मला आश्चर्य वाटलं.

कप मीच विसळले.